मदत हवी आहे : ‘घटस्फोट’ हा शब्द विवाहाकडे कसा वळला?

नमस्कार. ताटातूट, विरह, वियोग या शब्दांच्या अर्थच्छटांवर मी एक टिपण लिहीत आहे. जत्रेत मायलेकरांची होते ती ताटातूट, आणि विरहात पुनर्भेटीची जी आस असते ती मृत्यूने आलेल्या वियोगात उरत नाही, इथवर मांडणी झाली आहे. काडी मोडून विवाहबंध तुटल्याचे जाहीर करण्याच्या प्रथेतून आलेला ‘काडीमोड’ही स्पष्ट आहे. ‘घटस्फोट’ मात्र मला अस्वस्थ करतो, कारण धर्मशास्त्रात पतिताला बहिष्कृत करताना पाण्याचा घट उलथून टाकण्याचा विधी सांगितला आहे आणि तो मुळात विवाहाचा नव्हता. विवाहविच्छेदाच्या अर्थाने हा शब्द वापरलेला जुना मराठी उतारा कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया सालासह कळवावा. आपल्या गावी ‘फारकत’ कोणत्या प्रसंगी म्हणतात, हेही सांगितल्यास आभारी राहीन.