मदत हवी आहे : अख्तरीबाई फैजाबादींचे मेगाफोनचे तवे

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. गझल गाणाऱ्या बेगम अख्तर यांच्या रेकॉर्डी जमवतो. एचएमव्हीच्या एल.पी. (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डी) बऱ्यापैकी हाती लागल्यात, त्या शोधल्या की मिळतात, त्यासाठी धागा काढला नसता. घोडं अडलंय ते त्याच्या आधीच्या मालावर. १९४५ मध्ये लग्न झालं, त्याआधी बाई ‘अख्तरीबाई फैजाबादी’ या नावानं गायच्या आणि कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीनं त्यांचे तवे, म्हणजे रेकॉर्डी, काढले होते. मला ते ७८ चे (मिनिटाला ७८ फेरे घेणारे) तवे पाहिजेत. लग्नानंतर गाणं काही वर्षं बंदच होतं. १९४९ ला लखनौ रेडिओवर परत गायल्या आणि मग ‘बेगम अख्तर’ झाल्या. बहुतेक लोक ओळखतात तो हा नंतरचा आवाज, उंच सुरावर जरासा फुटणारा. त्या फुटण्यावरच जीव टाकतात. मला आधीचा आवडतो. कोवळा, धारदार, कुणाची भीडभाड नसलेला.

‘यूट्यूबवर सगळं आहे की’ असं कुणी म्हणायच्या आधीच सांगतो, ऐकलंय. खरखर काढायच्या नादात आवाजावरची साय काढून टाकलेली असते, आणि निम्म्या ठिकाणी वेगच चुकलेला. बाई अर्धी पट्टी वर गायला लागतात.

परभणीत गझल कुठून आली, असं पुण्याचे मित्र विचारतात. आमच्याकडे आजोबांच्या पिढीचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. पोलीस अॅक्शन झाली सप्टेंबर १९४८ ला, पण उर्दू घरातून तेव्हाच गेली नाही. आजोबा पंचांग मराठीत बघायचे आणि हिशेब उर्दूत लिहायचे.

आता अडचण. मराठवाड्यात जुन्या रेकॉर्डींचा साठा मुख्यतः मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांकडे. लग्नात, उरुसात, जत्रेत वाजवून वाजवून खाचा सपाट झालेल्या. शिवाय त्यात असतात सिनेमाची गाणी, वग, भक्तिगीतं. गझल तिथं नाही. ती असते जुन्या वकिलांच्या, तहसीलदारांच्या घरी, आणि ती घरं एकतर पडली किंवा पोरं हैदराबादला गेली. औरंगाबादला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात बरंच उकरलं. भोंगे मिळाले, तवे नाही.

तर सध्या हैदराबादच्या एका विक्रेत्यानं मेगाफोनचा एक तवा दाखवलाय. लेबलवर अख्तरीबाईंचं नाव स्पष्ट आहे, जे.एन.जी. नं सुरू होणारा नंबर आहे. मागतोय साडेचार हजार, तेही आधी. फोटो दोनच पाठवलेत, वरून फ्लॅश मारून काढलेले, सगळा तवा चमचमतोय. वाजवून दाखवा म्हटलं तर ‘मशीन नही है भाई’. कुरिअरनं पाठवतो म्हणतो.

जाणकारांनो, फोटोवरून तवा वाजेल की नाही हे कसं ओळखायचं? माझ्याकडच्या टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे, पण सुई एल.पी.ची, ती चालेल का? आणि काका लोकांकडून एक चावीचा ग्रामोफोन मिळतोय, त्यावर वाजवला तर?

प्रतिसाद : खाचाखोचा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं नुकसान कायमचं होतं. चावीच्या ग्रामोफोनवर हा तवा चुकूनही लावू नका. त्याचा सुई धरणारा साऊंडबॉक्स जड, सुई पोलादी. ती सुई एक बाजू वाजली की टाकून द्यायची असते, आणि आपल्याकडे लोकांनी एकेक सुई आठवडाभर वापरली. तुमच्या लाऊडस्पीकरवाल्यांच्या खाचा सपाट झाल्या त्या अशाच.

एल.पी.ची सुई पण नको. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एल.पी.ची १ मिलच्या आत. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते, तिथं नुसती धूळ आणि खरखर. तुम्ही म्हणाल तवा खराब आहे, आणि तवा असेल चांगला. तुमच्या कार्ट्रिजला (सुई बसते त्या डबीला) ७८ ची वेगळी सुई मिळते का बघा, बऱ्याच कंपन्यांची मिळते. जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये सुई उलटवायची सोय असायची, एका अंगाला एल.पी., दुसऱ्या अंगाला ७८. तसला चालू प्लेअर कुठं दिसला तर सोडू नका.

फोटोबद्दल : फ्लॅश बंद करायला सांगा. खिडकीजवळ, उजेड तिरपा पडेल असा धरून काढायचा. वाजून झिजलेल्या खाचा काळ्या राहत नाहीत, राखाडी दिसतात, आणि जिथं गायिका जोरात गायली तिथं जास्त राखाडी. अख्तरीबाईंच्या बाबतीत नेमकी तीच जागा आपल्याला ऐकायची असते! कडेपासून आत गेलेली केसासारखी चीर आहे का तेही बघा. चीर असली तर दर फेऱ्याला टक् होणार, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा. दोन्ही बाजूंचे वेगळे फोटो मागा. लोक हमखास चांगली बाजू दाखवतात.

प्रतिसाद : बोरीचा बाबू

साडेचार हजार! आमच्याकडं एवढ्यात शेळी येते भाऊ, दूधही देते. 😀

असो. धुण्याचं सांगतो. एल.पी. पुसायला स्पिरिट मिसळलेलं पाणी वापरतात, ते बघून ७८ वर स्पिरिट लावू नका. हा तवा लाखेचा. सुतार पॉलिशला चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, त्यावरून समजा. बोअरचं पाणी पण नको, वाळलं की खाचेत पांढरा क्षार बसतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात मऊ कापड भिजवून खाचेच्या दिशेनं फिरवा, लेबल कोरडं ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका, आडवे ढीग तर नकोच. उभे, टेकून.

धागाकर्ता :

खाचाखोचा साहेब, जीव वाचवला. फ्लॅशविना फोटो मागितले. एका बाजूचा आलाय, पहिला इंचभर काळाकुट्ट आहे, मध्यावर थोडा राखाडी पट्टा. दुसऱ्या बाजूचा ‘कल भेजता हूँ’ चाललंय. बाबूराव, शेळीचं घरात कुणाला सांगू नका.

कुरिअरचं मात्र मन होईना. लाखेचा तवा टोल नाक्याच्या एका धक्क्यानं दोन तुकडे व्हायचा. आपली देवगिरी एक्सप्रेस थेट सिकंदराबादला जाते, तेव्हा स्वतःच जाऊन आणावा म्हणतो. हैदराबादचा जुन्या सामानाचा जुमेरात बाजार गुरुवारी भरतो, त्याच दिवशी गेलं तर तिथंही नजर टाकता येईल.

प्रतिसाद : खाचाखोचा

जाच. तव्यापेक्षा मोठे दोन प्लायवूडचे तुकडे न्या, मध्ये पुठ्ठा आणि जुनी धोतरं, आणि गाडीत मांडीवर उभा धरा. बर्थखाली सरकवू नका. पैसे हातात तवा आल्यावर द्या, आधी दमडी नको. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे, तुमच्या तव्याचा नंबर तिथल्या जाणत्यांना विचारा. मागच्या बाजूला काय गायलंय ते त्यांच्यापैकी कुणीतरी न बघता सांगेल.

धागाकर्ता :

दुसऱ्या बाजूचा फोटो आला. चीर नाही! भाव साडेतीन हजारांवर आलाय. पुढच्या गुरुवारी निघतोय. आता एवढंच, हैदराबाद-सिकंदराबादला कुणाकडे ७८ ची सुई लावलेला चालू प्लेअर आहे का? पैसे द्यायच्या आधी दोन्ही बाजू ऐकायच्यात, एकेक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. चहा माझ्याकडून, व्यक्तिगत निरोप करा.