‘आंधळा माणूस होडी घेऊन समुद्रात जातो का?’ या पोस्टला उत्तर

खाडीकाठ: मच्छीमारांच्या हवामान ॲपबद्दल काल एकाने इथे लिहिलं, "अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणजे शहरी चोचले. आंधळा माणूस होडी घेऊन समुद्रात जातो का?" अपंगांसह सगळ्यांना ॲप वापरता यावं, याला चोचले म्हणे! वाचून डोकं तापलं.

भर दुपारी होडीवर, ओल्या बोटांनी फोन बघणाऱ्याला तुमचा पांढऱ्यावरचा फिका राखाडी मजकूर दिसतो का, ते आधी सांगा. त्या राखाडीचा संगणकी रंगक्रमांक (हेक्स) ९९९९९९, म्हणजे कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) फक्त २.८५:१. डब्ल्यूसीएजी हे वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय सुलभता-निकष साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ मागतात. त्याहून गडद ७६७६७६ ला ४.५४ मिळतो, ५९५९५९ ला ७. उन्हात वापरायच्या ॲपला ५९५९५९ पेक्षा फिका रंग घेऊच नये. बटण ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) लहान असलं की ओल्या काचेवर शेजारचंच दाबलं जातं. आणि इशाऱ्याचा नुसता रंगीत ठिपका? लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला नारिंगी आणि हिरवा जवळजवळ सारखे दिसतात. ‘नारिंगी: तयार राहा’ असं अक्षरांत लिहा. शिवाय इशारा बघून होडीवर फोन लावणारं माणूस घरी असतं. त्याची नजर अधू नसेलच, हे कशावरून?

देवगडवाला: ती पोस्ट माझी. आंधळ्यांवरचं वाक्य नको होतं, मागे घेतो. रंग, बटणंही मान्य. पण टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय? प्रत्येक आयकॉनला लेबल, नकाशाला वर्णन, लाटांच्या आलेखाला तक्ता. दोन जणांची टीम आहे आणि पावसाळ्याआधी ॲप द्यायचंय. इशाराच वेळेत पोचला नाही तर लेबलं काय कामाची?

माडबन: सगळं ॲप एका दिवसात करा असं कोणी म्हटलंय? आधी एकच वाट धरा: ॲप उघडणं, बंदर निवडणं, इशारा ऐकणं. टॉकबॅक चालू करा, स्क्रीन झाका, उजवीकडे स्वाइप करत जा, दोनदा टॅप करून निवडा. जिथे नुसतं ‘बटण’ ऐकू येईल तिथे कंटेंट डिस्क्रिप्शन, म्हणजे बटणाचं वाचून दाखवायचं नाव, राहिलंय. नकाशाचं वर्णन नको, त्याच्याखाली दोन ओळी मजकूर द्या: बंदर, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, कधीपर्यंत. मजकूर एसपीमध्ये, म्हणजे फोनच्या फॉन्ट-सेटिंगप्रमाणे बदलणाऱ्या मापात, ठेवा आणि ओळीची उंची पक्की बांधू नका. फॉन्ट २०० टक्के केला की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. इंग्रजीत तपासून हे कळतच नाही.

लिपीवेडा: मजकूर म्हणताय, पण तो येतो कुठून? कित्येक सूचना अजून जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीआधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. दिसायला मराठी, आत रोमन अक्षरांचा चिवडा. टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर तो चिवडाच वाचतो.

देवगडवाला: जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत की! विषय ॲपचा आहे, फॉन्टचं रडगाणं इथे नको.

लिपीवेडा: रडगाणं? कन्व्हर्टर नेमका कुठे फसतो ते ऐका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. नुसतं शोधा-बदला केलं की ‘स्थिती’सारख्या जोडाक्षराचे तुकडे होतात. आणि ऱ्य! काही ठिकाणी तो र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा लिहिलेला असतो. कॉपी-पेस्टमध्ये ते चिन्ह गळलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘वाऱ्याचा वेग’चा ‘वार्याचा वेग’. समुद्राच्या ॲपमध्ये ही चूक चालवून घेणार? ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरा, गळायला काही उरत नाही. शिवाय पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. ती हिंदी राहिली तर हिंदी आवाज मराठी वाचत बसतो, आणि ल, श सुद्धा हिंदी वळणाचे येऊ शकतात.

माडबन: हे बरोबर आहे, पण धागा पार फॉन्टकडे गेला. देवगडवाले, कायद्याचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दलच आहे. ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरलंय.

देवगडवाला: कायद्याचा धाक नको, टीमला तो दाखवून काम होत नाही. मजकुराच्या दोन ओळी पटल्या, कारण नकाशा लोड व्हायच्या आत त्या पोचतील. रेंज नसलेल्या खाडीत तेच लागतं. आलेखाचा तक्ता मात्र या हंगामात होणार नाही.

खाडीकाठ: तक्ता राहू दे. ओटीपीचे ३० सेकंद तेवढे वाढवा. टॉकबॅकवर नोटिफिकेशन उघडून आकडे ऐकून परत येईपर्यंत वेळ संपते. ऑटोफिल, म्हणजे ओटीपी आपोआप भरण्याची सोय, दिलीत तर तो प्रश्नच मिटतो.

देवगडवाला: लॉगिनच काढून टाकतो. इशारा बघायला ओटीपी कशाला हवा?