मॉन्टेरे येथील थंड पाण्यात स्कूबा डायव्हिंग: तयारी कशी करावी?

निळाई:
माझ्याकडे ओपन वॉटर (स्कूबाचे प्राथमिक) प्रमाणपत्र आहे, परंतु आजवरचे सर्व डाइव्ह २८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात, पातळ वेटसूट (ज्यात थोडे पाणी शिरते असा रबरी पोशाख) घालून आणि बोटीवरूनच झाले आहेत. पुढील वर्षी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे केल्पच्या, म्हणजे झाडांसारख्या उंच समुद्री शेवाळाच्या, जंगलात उतरण्याची मनापासून इच्छा आहे. तेथील पाणी साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस असते असे वाचनात आले. तेवढ्या थंडीत ७ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो, की ड्रायसूटच (ज्यात पाणी शिरत नाही असा हवा असलेला पोशाख) घ्यावा? सुरुवात कोणत्या ठिकाणाहून करावी? मे-जूनमध्ये पाणी त्यातल्या त्यात उबदार असेल असे धरून चालले आहे; ते बरोबर आहे का?

खोलपाणी:
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचे नियोजन अवलंबून आहे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धात तेथे वायव्येकडून जोरदार वारे वाहतात. त्यांच्या रेट्याने आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यामुळे एप्रिल-मेमधले पाणी बहुधा ऐन हिवाळ्यापेक्षाही गार असते आणि प्लवकांच्या वाढीने हिरवे व गढूळ होते. अर्थात केल्प पोसले जाते ते याच पाण्यावर; अनुकूल परिस्थितीत ते दिवसाला ३० सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढते. आपण सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ निवडावा. तेव्हा वारे मंदावलेले असतात, पाणी निवळलेले असते आणि हिवाळी वादळांनी केल्प उपटून नेण्यास अजून अवकाश असतो.

सूटविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिल्या खेपेस ७ मिलिमीटरचा नीट अंगाबरोबर बसणारा वेटसूट, हूड, जाड हातमोजे आणि बूट एवढे पुरे होते. थंडीपेक्षा वजनाची चिंता अधिक करावी. जाड निओप्रीन, म्हणजे सूटचे बुडबुडेदार रबर, भरपूर तरंगते, म्हणून बुडण्यासाठी कमरेला बांधायचे शिसे बरेच वाढवावे लागते. पण १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे निम्म्यावर येतात. म्हणजे पृष्ठभागावर आपल्याला वर ढकलणारा सूट तळाशी ना तेवढा तरंगतो ना तेवढी ऊब देतो, आणि आपण एकाएकी जड होतो. उष्ण पाण्यात हा फरक जाणवतही नाही. तेव्हा पहिल्या डाइव्हच्या आधी उथळ पाण्यात वजनाची चाचणी अवश्य करावी आणि तीही टाकी जवळजवळ रिकामी असताना कसे वाटेल याचा हिशेब धरून.

एक छोटी गोष्ट: थर्मासमध्ये कोमट पाणी न्यावे आणि उतरण्यापूर्वी हातमोज्यांत व हूडमध्ये ओतावे. पहिली गार धार मानेवरून आत शिरते तेव्हा श्वास अडखळतो. तो क्षण यामुळे बराच सुसह्य होतो.

शिंपला:
ड्रायसूटबद्दल एवढेच सांगते की, तो उत्तम असला तरी भाड्याने घेऊन थेट समुद्रात उतरण्याची वस्तू नव्हे. आतली हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जाऊ शकतो. आधी त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे.

जागांपैकी मॉन्टेरे शहरातील सॅन कार्लोस बीच, म्हणजे सर्वजण ज्याला ब्रेकवॉटर म्हणतात ती जागा, सुरुवातीला योग्य आहे. धक्क्याच्या आडोशामुळे लाट सहसा मवाळ असते. पॉइंट लोबॉस हे संरक्षित क्षेत्र अतिशय सुंदर आहे, मात्र तेथे डायव्हरांची संख्या मर्यादित असल्याने आगाऊ आरक्षण करावे लागते आणि प्रमाणपत्र दाखवावे लागते. कार्मेलजवळच्या मोनॅस्टरी बीचवर मात्र जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तेथील किनारा तीव्र उताराचा आहे, जाडसर वाळू पायाखालून सरकते, लाट थेट काठावर फुटते आणि त्या ठिकाणी अनेक डायव्हरांनी प्राण गमावले आहेत.

निळाई:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सप्टेंबरअखेरीस जाण्याचे ठरवते. केल्पमध्ये अडकण्याची मात्र खरोखर भीती वाटते. तसे झाल्यास काय करावे?

खोलपाणी:
गिरकी घेऊ नये. त्याने आणखी गुंडाळले जाते. थांबावे, जोडीदाराला खूण करावी आणि अडकलेला देठ ताणण्याऐवजी झटक्यात दुमडावा. ताणल्यास तो रबरासारखा चिवट असतो, दुमडला की मोडतो. बहुतेक वेळा तो फिनच्या पट्ट्यात किंवा टाकीच्या व्हॉल्व्हपाशी अडकतो, म्हणून पट्ट्यांची मोकळी टोके आधीच आत खोचून ठेवावीत.

शरद ऋतूत पृष्ठभागावर पानांचे दाट छत झालेले असते. वर येताना एक हात डोक्यावर धरावा आणि उजेडाची मोकळी जागा पाहून तेथूनच वर यावे. छताखालून पोहत किनाऱ्यापर्यंत परतता येईल एवढी हवा राखून ठेवावी. ती संपली तर पानांवरून आडवे होऊन, हातांनी पाने खाली दाबत सरपटत यावे लागते, आणि एवढे शिसे कमरेला असताना ते फार दमवणारे असते.

शिंपला:
समुद्री ऑटर दिसल्यास दुरूनच पाहावे. तो कायद्याने संरक्षित आहे. काही ठिकाणी केल्पऐवजी जांभळ्या सी-अर्चिनने (केल्प खाणारा काटेरी, गोल समुद्री जीव) व्यापलेला उघडा खडक दिसेल. २०१३ पासूनच्या रोगात सूर्यफुली तारामासे मोठ्या संख्येने मेले. हे तारामासे अर्चिन खात असत, त्यामुळे ते गेल्यावर अर्चिन बोकाळले. म्हणून आपल्या प्रशिक्षकाला सध्या केल्प कोठे दाट आहे हे विचारूनच जागा ठरवावी.