तुमची गाणी 'जुनी' कधी झाली? सोलापूरकरांचे अनुभव

हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम आपल्याकडे कायमच होत आले. मी वडिलांबरोबर जायचो तेव्हा त्यात तलत, गीता दत्त असायचे आणि प्रेक्षकांत सगळे वडिलांच्या वयाचे. परवा गेलो तर निम्मी गाणी १९९० नंतरची, आणि मागच्या रांगेतली पोरं आपल्या आईवडिलांना घेऊन आलेली. मला ते फार लागलं. ज्या गाण्यांवर आम्ही गणपतीपुढं नाचलो, ती आता खुर्चीत बसून ऐकायची झाली.

तुम्हाला हे कुठं जाणवलं? 'आमच्या वेळी गाणी चांगली होती' हे आपल्या सगळ्यांनाच वाटतं, तेवढंच नको. नेमकं काय बदललं ते लिहा. कान, गळा, यंत्रं, घर, काहीही चालेल.

*टेप-रेडिओ दुरुस्ती, नवी पेठेजवळ*

माझ्याकडं लोक टेप घेऊन येतात आणि सांगतात, "बाईचा आवाज जाड झालाय." आवाजाला काही झालेलं नसतं. आतला रबरी पट्टा सैल पडतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला पाहिजे. ती हळू सरकली की गाणं संथ होतं आणि सूर खाली येतो. पट्टा बदलला, फीत वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं की गायिका परत पहिल्यासारखी.

कॅसेटचं मात्र तसं नाही. पावसाळे काढलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते. मधल्या पितळी पट्टीवर फीत हेडला दाबून धरणारं नखाएवढं मऊ ठिगळ असतं, ते गळून पडतं. ते गेलं की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. दुसऱ्या कॅसेटचं काढून बसवायचं, एवढाच उपाय.

'कयामत से कयामत तक' १९८८चा, 'आशिकी' १९९०चा. त्या दोन-तीन वर्षांत दुकानात कोऱ्या कॅसेटचे खोके पुरायचे नाहीत. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं, साईड ए, साईड बी, आणि आम्ही भरून द्यायचो. आता त्याच कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायला येतात. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. त्यामुळं मला सगळं ऐकावं लागतं. रेडिओवरून भरलेल्या असल्या तर निवेदकाचं अर्धं वाक्य, कुकरची शिट्टी, कुणीतरी "काय करालास बे?" म्हणून विचारलेलं. गाणं आता मोबाइलवर कुठंही मिळतं. लोक पैसे मोजतात ते ह्या मधल्या आवाजांसाठी. मला तरी ते पटतं, म्हणून मी ते कापत नाही.

*अशोक चौक*

मी माग चालवला, आधी पाळीवर, नंतर स्वतःचे दोन घेऊन. कारखान्यात धोट्याचा आवाज एवढा की शेजारच्या मागावरचा माणूस ओठ बघून कळायचा. भिंतीला ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. त्यातलं गाणं आम्ही ऐकायचो असं म्हणवत नाही, पण चाल ओळखीची असली की उरलेलं डोक्यात वाजायचं. लाईट गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि गाणं स्वच्छ यायचं. तेवढ्या वेळासाठी कुणी बोलायचं नाही.

गणपतीत मी लेझीम खेळायचो. सोलापूरची लेझीम काय असते ते इथल्यांना सांगायला नको. चार-पाच वर्षांमागं मिरवणूक दारावरून चालली होती. ढोल छातीत घुमत होता. पोरांचे हात वर-खाली होताना दिसत होते, पण चकत्यांची छनछन येईना. मला वाटलं लेझीम नुसती हातात धरून चाललेत. नातवाला विचारलं, तो म्हणाला, "आजोबा, केवढा आवाज आहे!"

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. रेघ सरळ येते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात जाते. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्यांचा कान तिथंच आधी जातो. त्यात वय झालं की वरचे बारीक आवाज आणखी कमी होतात. झांज, घुंगरू, बोलण्यातले स आणि श, सगळं त्यातच येतं. मला वाटत होतं हल्लीच्या गाण्यांत जीव नाही. नंतर माझ्या वेळची गाणी लावून बघितली, तीही तशीच लागली.

आता ऐकू यायचं कानाचं मशीन आहे. बोलण्यासाठी केलेल्या सेटिंगवर पेटीचा सूर थरथरतो. तपासणाऱ्या मुलीनं संगीतासाठी वेगळा प्रोग्राम टाकून दिला, तो मागून घ्यावा लागतो. मागावर काम करणाऱ्या पोरांना एकच सांगणं, कानात इअरप्लग घाला. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

*साखर पेठ*

आमच्या घरात तेलुगू. अम्माचे गायक म्हणजे घंटसाला. ते १९७४ला गेले, तरी अम्माच्या लेखी त्यांच्यानंतर कुणी गायलंच नाही. बालसुब्रह्मण्यम म्हणजे तिला 'नवा मुलगा'. १९८९ला 'मैंने प्यार किया' आला, तेव्हा आमच्या कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, सलमानला आवाज दिलेला हा नवीन गायक कोण? आमच्या घरात तो वीसएक वर्षं गात होता. एकच माणूस अम्माला नवा, मैत्रिणींना त्याहून नवा आणि मला घरचा.

२५ सप्टेंबर २०२०ला ते गेले. लॉकडाऊनचे दिवस. अम्मा दिवसभर टीव्हीसमोरून हलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "चांगला गायचा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला त्या दिवशी आम्ही दोघी एकाच वयाच्या वाटलो.

*मूळ करमाळ्याची, आता जुळे सोलापूर*

वय लहान आहे, तरी लिहिते. 'सैराट' २०१६चा. शूटिंग आमच्या भागातलं, त्यामुळं पडद्यावर आमचीच बोली ऐकून थिएटरात पोरी रडल्या होत्या. मी तेव्हा अकरावीत. यंदा भाचीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बाई म्हणाल्या, "एक जुनं गाणं घेऊ," आणि त्यातलंच लावलं.

*निवृत्त शिक्षिका, विजापूर रोड*

माझा अनुभव गळ्याचा. तरुणपणी मी पेटीवरच्या काळी पाच या पट्टीत गायची. पन्नाशीनंतर बायकांचा आवाज उतरतो हे माहीत होतं, पण आपला उतरताना ऐकणं वेगळं. आधी तार सप्तकातला गंधार ओढून लागायला लागला, मग लागेनासा झाला. आता पट्टी काळी तीन. पेटीवर बोटं जुन्या जागी जातात आणि ती हलवावी लागतात.

काही गाणी खालच्या पट्टीत खरंच छान लागतात, शब्द नीट पोचतात. काही मात्र उंचीवरच उभी असतात, ती मी सोडून दिली. आमच्या भजनी मंडळात सध्या वीस-बावीसची एक मुलगी येते. ज्या दिवशी ती असते त्या दिवशी पट्टी तिची. अंतरे तिला देतो, धृपद आम्हाला झेपेल तेवढं.

अशोक चौकातल्या दादांना एक विचारायचं होतं. मशीनमधला तो संगीताचा प्रोग्राम टाळ आणि पेटी एकत्र वाजत असताना चालतो का? आमच्यातल्या एकीला टाळ ऐकू येईनासा झालाय आणि ती लय सोडायला लागलीय.