वजनकाट्यावर कधी १५८, कधी ११:४. अ‍ॅपमध्ये बीएमआय ५९.८! चुकतंय कुठे?

बर्डीवाला
बर्डीवरून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) डिजिटल वजनकाटा आणला. आईचं वजन काल १५८ दिसलं, आज ११:४. उंची ५ फूट ४ इंच. अ‍ॅपमध्ये १५८ टाकलं तर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ५९.८ येतो. काटा बदलून घ्यावा का?

मापतोल
बदलू नका भाऊ, काटा बरोबर आहे. १५८ हे पौंड आहेत. ११:४ म्हणजे ११ स्टोन ४ पौंड; एका स्टोनचे १४ पौंड, म्हणून १५४ + ४ = १५८. अ‍ॅपनं ते किलो धरले. काटा उलटा करा, बॅटरीच्या झाकणाजवळ किलो-पौंड-स्टोन बदलायचं छोटं बटण असेल. काटा उचलताना बोट लागून तेच दाबलं जातं. किलोवर आणा, ७१.७ च्या आसपास दिसायला हवं (१ पौंड = ०.४५३६ किलो). आणि काटा फरशीवरच ठेवा, सतरंजीवर आकडा भरवशाचा येत नाही.

धरमपेठ_४४००१०
हिशेब हातानंच करून बघा. ५ फूट ४ इंच = ६४ इंच = १.६२६ मीटर. ७१.७ ÷ (१.६२६ × १.६२६) = २७.१. पौंड-इंचात करायचं तर १५८ × ७०३ ÷ (६४ × ६४), उत्तर तेच. ७०३ नं फक्त पौंड-इंचच गुणायचे. किलोला लावलं तर १२.३ येईल आणि घरचे उगाच घाबरतील.

जास्त घोळ उंचीत होतो. ५ फूट ४ इंच म्हणून ५.४ फूट टाकू नका, ते ५ फूट ४.८ इंच होतात आणि बीएमआय २६.५ वर उतरतो. ५ फूट १० इंचवाल्यानं ५.१० लिहिलं तर १७८ सेंमीचा माणूस थेट १५५ चा होतो. त्यापेक्षा सेंमीतच मोजा: अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर आडवं पुस्तक. खाली टाइल्सची पट्टी निघालेली भिंत नको, टाचा पुढे सरकतात.

मापतोल
२७.१ वाचायचा कसा, तेही महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय तक्त्यात २५ ते २९.९ म्हणजे जास्त वजन. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवलेल्या तक्त्यात २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्याकडे पोटावर चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. काकूंच्या उंचीला २५ म्हणजे ६६ किलो. कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर. बायकांसाठी मर्यादा ८० सेंमी, पुरुषांसाठी ९०.

बर्डीवाला
बटण सापडलं. ७१.६ किलो. कंबर ८९ सेंमी.

धरमपेठ_४४००१०
मग उपाशीपोटी साखर आणि बीपी तपासून घ्याच. मेयो किंवा मेडिकल (नागपूरची सरकारी रुग्णालयं) इथल्या ओपीडीत दाखवा. वजन-उंची किलो आणि सेंमीतच लिहून न्या.