जोतं, चौथरा, तळखडा

प्रश्न : शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजातून आत गेल्यावर हिरवळीत दगडी चौकोन दिसतात. त्यांना पाया म्हणायचं, चौथरा की जोतं?

– जोतं. पाया जमिनीच्या पोटात असतो. जमिनीवर आलेला आणि भिंती-खांब पेलणारा दगडी भाग म्हणजे जोतं, अनेकवचन जोती. बांधकामावर हल्ली ‘प्लिंथ’ म्हणतात ते हेच. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याचा इमला मुख्यतः सागवानी होता. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती. इमला गेला, जोती मातीखाली राहिली आणि १९१९ नंतरच्या खोदकामात मोकळी झाली. फलकांवर सरसकट ‘पाया’ लिहितात ते खटकतं.

– चौथराही चूकच. चौथरा स्वतंत्र उभा राहू शकतो, जसा समाधीचा. जोत्यावर घर हवंच. घर पडलं तरी ‘हे कशाचं जोतं?’ असं विचारता येतं, चौथऱ्याबद्दल तसं विचारत नाही.

– यात तळखडा विसरू नका. पडक्या वाड्यांच्या जोत्यावर ठरावीक अंतराने घडीव दगड असतात, काहींच्या माथ्यावर मधोमध चौकोनी खाच. खांबाच्या बुडाचा दांडा त्या खाचेत बसतो. लाकूड थेट जमिनीत पुरलं तर ओल चढते आणि वाळवी लागते, म्हणून हा दगड. दोन तळखड्यांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच फूट, पण गावोगावी कमीजास्त. मोजताना खाचेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. दगडाच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलं की खण आखूड भरतो आणि सगळा आराखडा चुकतो. शिवाय माथे एका पातळीत आहेत ना, ते पाणसळीने आणि दोरीने तपासा. एखादा खाली-वर असेल तर तो खचलेला किंवा दुसरीकडून आणून ठेवलेला असू शकतो. तो मापात धरू नये.

प्रश्न : आणि दिल्ली दरवाजाच्या उजव्या फळीतलं लहान दार?

– दिंडी. वारीची दिंडी वेगळी, ही दारातली. मोठा दरवाजा बंद ठेवून माणसांची ये-जा हिच्यातून, तीही वाकून. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकलेत, ते मात्र नुसते ‘खिळे’च.