गीतरत्नातली काळी वधू: बर्नार्डने तिची बाजू घेतली की तिचा रंग पुसला?

सायली_वाचते: बायबलच्या गीतरत्नात वधू यरुशलेमच्या मुलींना सांगते, मी काळी आहे, देखणी आहे. लगेच कारणही देते: भावांनी द्राक्षमळे राखायला लावलं, उन्हानं रापले. फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाच्या बर्नार्डने ११३५ पासून ११५३ साली मरेपर्यंत या काव्यावर ८६ प्रवचनं रचली. त्यांत तिचा काळेपणा म्हणजे देहाचे क्लेश आणि मागच्या आयुष्याचे डाग; सौंदर्य काय ते आत. मळ्यात राबणारी मुलगी गेली कुठे? मला तर ही भक्तीच्या नावाखाली केलेली रंगाची नालस्ती वाटते.

जुना_ग्रंथपाल: घाई करताय. पंचविसावं प्रवचन नीट वाचा. काळं ते सगळं कुरूप नव्हे, असं बर्नार्ड स्वतःच म्हणतात: डोळ्याची बाहुली काळी, दागिन्यातले काळे खडे शोभतात, काळे केस रूप खुलवतात. समोर उपासतापासानं झिजलेले साधू होते. जगानं हिणवलेल्या देहालाही मान आहे, हे त्यांना सांगायचं होतं. त्यात त्वचेचा तिरस्कार कुठे आला?

सायली_वाचते: काळे केस कुठे शोभतात, तेही सांगा ना! गोऱ्या चेहऱ्यावर, हे त्याच वाक्यात आहे. बाहुली, खडे, केस. यादीत कातडी नाहीच. त्याच काळातला फ्रेंच धर्मपंडित, पुढे मठवासी झालेला अबेलार्ड तर आपल्या जोगीण झालेल्या बायकोला, एलोईजला, पत्रात लिहितो की हबशी स्त्री बाहेरून कमी देखणी, पण आत हाडं नि दात अधिक पांढरे. म्हणजे कौतुक करायलाही पांढरंच शोधावं लागलं.

वाटसरू_नगर: दोन मठवासीयांवरून अख्खा काळ ठरवू नका. जर्मनीत मॅग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये १२४० च्या सुमाराचा संत मॉरिसचा, म्हणजे रोमन सैन्यातल्या हुतात्म्याचा, पुतळा आहे. अंगात साखळ्यांचं चिलखत, चेहरा थेट आफ्रिकन, नाक-ओठ बारकाईनं घडवलेले. तिथे रंग कशाचंही रूपक नाही, तो त्या योद्ध्याचा आहे.

सायली_वाचते: पुतळा मान्य, पण मी भाष्यांबद्दल बोलतेय. सरळ वाचन तेव्हाही जमत होतं. बायबलमधल्या नोहाच्या मुलाला, हामला, लागलेल्या शापामुळे त्याचे वंशज काळे झाले, ही समजूत अरब इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ मध्ये खोडून काढली. तौरातमध्ये (ज्यूंच्या धर्मग्रंथात) शाप आहे, रंगाचा उल्लेख नाही. रंग हवेच्या उष्णतेनं येतो, असं त्याचं म्हणणं.

जुना_ग्रंथपाल: त्याच ग्रंथात तो काळ्या लोकांना जनावरांच्या जवळ नेऊन बसवतो, तेही लिहा. शास्त्रवचनातून रंग वगळल्यानं माणसाला मान मिळतोच असं नाही. बर्नार्डनी निदान तिला वधूच्या जागी ठेवलं.

सायली_वाचते: ती जागा तिला काव्यानंच दिली होती, बर्नार्डने नव्हे.